आधी अंधार, मग कॅमेरा : कोल्हापुरात बसून चार बाय पाचची फिल्म शिकताना

चार इंच बाय पाच इंचाची सुटी फिल्म, लेन्स आणि फिल्म यांना जोडणारा घड्यांचा भाता आणि काळ्या कापडाखाली डोकं घालून उलटं चित्र बघायचं. या प्रकारच्या कॅमेऱ्याची माहिती शोधायला गेलं की सांगणारा माणूस बहुतेक वेळा अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला निघतो. त्याला फिल्म चार दिवसांत घरपोच मिळते, धुवून देणारी लॅब ठरलेली असते आणि थंडीत त्याच्या नळाचं पाणी आपोआप वीस अंशांच्या खाली असतं. कोल्हापुरात बसून हेच करायचं तर सुरुवात कुठून करायची, पैसे किती धरायचे, कस्टमची कागदपत्रं कोणती, हे मला कुठे सलग वाचायला मिळालं नाही. म्हणून डिसेंबर २०२३ पासून पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत जे जसं झालं ते तसं लिहिते आहे. मी एका फाउंड्रीत हिशेब बघते, फोटोग्राफी हा माझा धंदा नाही. पस्तीस एमएमचे काळे-पांढरे रोल घरी धुतले होते, तेवढीच शिदोरी.

एवढा खटाटोप कशासाठी, हे आधी सांगून टाकते. या फिल्मवरची प्रतिमा क्षेत्रफळाने पस्तीस एमएमच्या तेरा पट भरते, त्यामुळे दगडाचा पोत, पानांच्या शिरा, सगळं उतरतं. प्रत्येक फोटो सुटा असतो, म्हणून तो वेगळा धुता येतो. आणि लेन्स वर-खाली सरकवता येते, कलवताही येते. देवळाचं शिखर बसवायला कॅमेरा मागे झुकवला की खांब आत कललेले दिसतात. इथे कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्स वर उचलायची, खांब उभेच राहतात. मला शिल्पं आणि देवळं काढायची होती, त्यामुळे मोह याच गोष्टीचा होता.

शाहूपुरीत एक बंद पडलेला स्टुडिओ आहे. त्याचे मालक आता ऐंशीच्या घरात आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्याकडे एक वागीश्वरी कॅमेरा आहे, केरळात अलप्पुळाला बनलेला, सागवानी, पितळी पट्ट्यांचा. एके काळी देशभरच्या स्टुडिओंत हा कॅमेरा असे. मी तो विकत मागायला गेले होते. अण्णांनी किमतीचा विषयच काढला नाही.

"कॅमेरा काय, आज न्हाई तर उद्या मिळंल. घरात अंधार हाय काय?"

मला आधी कळलंच नाही.

"आधी अंधार बघ. मग फिल्म कुठनं आणणार ते बघ. मग फिल्म धरायचं होल्डर. कॅमेरा सगळ्यात शेवटी. आमच्यात उलटं करणाऱ्यांचे कॅमेरे शोकेसमध्ये हायेत."

वागीश्वरी हाफ प्लेटचा होता, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. त्या मापाची फिल्म सहज मिळत नाही. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांचे होल्डर त्या त्या कॅमेऱ्यापुरते बनवलेले असत, एकाचा दुसऱ्याला बसेलच असं नाही. अण्णांकडे उरलेल्या होल्डरचं लाकूड पावसाळ्यांनी फुगलं होतं. चार बाय पाचचं तसं नाही. त्याच्या होल्डरचं माप ठरलेलं आहे, कुठल्याही कंपनीचा होल्डर कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो. माझं मत विचाराल तर जुना लाकडी कॅमेरा दिवाणखान्यात जरूर ठेवा, शिकायला मात्र घेऊ नका.

जानेवारीत अंधाराचं काम काढलं. आमच्या बाथरूमला खिडकी नाही, म्हणून मला तो अंधारच वाटत होता. दार लावून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसलं की डोळे सरावतात आणि मग एकेक भोक दिसायला लागतं. दाराखालची फट, एक्झॉस्ट पंख्याची पाती, गिझरचा लाल ठिपका, वॉशिंग मशीनचा हिरवा. पंख्यावर आतून काळा चार्ट पेपर, दाराला जुन्या चादरीची सुरळी, दिव्यांवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप. खर्च दोनशेच्या आत. मोबाइल बाहेर ठेवायचा, मनगटावरचं चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळही. घरातल्यांची सोय बघून रात्री साडेदहानंतरची वेळ ठरली. "आत काय करत्येस?" असं सासूबाई पहिल्या आठवड्यात विचारायच्या, नंतर त्याच सगळ्यांना बजावू लागल्या की आता कोणी दार वाजवायचं नाही.

मग फिल्म. दुकानातली चार बाय पाचची फिल्म महाग पडते. इल्फर्डची एक शीट मला सरासरी अडीचशे-पावणेतीनशेला पडली, फोमाची त्याच्या निम्म्यात, आणि रंगीत कोडॅकची सातशेच्या पुढे जात होती, म्हणून त्या वाटेला गेलेच नाही. शिकायला या भावाची फिल्म घेतली की हात आखडतो. त्यावरचा उपाय म्हणजे एक्स-रेची फिल्म. अण्णांच्या वेळी ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची येई, त्यांचाच इंदू ब्रँडचा फोटोचा मालही असे. तो कारखाना आता नाही, पण एक्स-रे फिल्म सर्जिकल सामानाच्या वितरकांकडे अजून मिळते.

फेब्रुवारीत अशाच एका वितरकाकडे गेले.

"मॅडम, कुठलं हॉस्पिटल?"

"हॉस्पिटल नाही. मला फोटो काढायला हवी आहे."

"मग कुठली लॅब?"

बिलावर काय नाव घालायचं यावर थोडी चर्चा झाली. शेवटी माझ्या स्वतःच्या नावाने, जीएसटी क्रमांकाशिवाय बिल झालं. दुकानदार भला होता, त्याने आत जाऊन जुन्या साठ्यातला डबा शोधून दिला. इथे एक गोष्ट नीट बघा. हल्ली दवाखान्यांत जास्त खपते ती 'ड्राय' फिल्म. ती प्रिंटरमध्ये घालायची असते, आपल्या काहीच कामाची नाही. आपल्याला हवी रसायनात धुवायची, ओली फिल्म, आणि ती 'ग्रीन सेन्सिटिव्ह' असावी. डब्यावर लिहिलेलं असतं. आठ बाय दहा इंचाच्या शंभर शीट मला सव्वीसशेला मिळाल्या. एका शीटचे चार तुकडे, म्हणजे फोटोमागे साडेसहा रुपये. या भावात माणूस मोकळ्या हाताने शिकतो.

ग्रीन सेन्सिटिव्ह फिल्मला लाल रंग दिसत नाही. म्हणजे लाल दिव्याखाली ती कापता येते आणि धुताना डोळ्यांनी बघता येते, ही शिकणाऱ्याच्या दृष्टीने केवढी सोय! मात्र लाल दिसणारा प्रत्येक दिवा खरा लाल नसतो. त्याची नाण्याची चाचणी अण्णांनी सांगितली. फिल्मच्या तुकड्यावर रुपया ठेवायचा, दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्यायचा, मग तुकडा धुवायचा. रुपयाचा गोल उमटला तर दिवा बाद. आमच्या देवघरातला लाल रंग दिलेला बल्ब बाद झाला. लाल एलईडी बल्ब भिंतीकडे तोंड करून पाचेक फुटांवर लावला, तो पास झाला.

कापण्यातही एक मेख आहे. चार बाय पाच म्हणतात ती फिल्म मापाला किंचित कमी असते, जवळजवळ १०० बाय १२५ मिलिमीटर. आठ बाय दहाचे सरळ चार भाग केले तर तुकडा होल्डरच्या खाचेत अडतो, लांबीत आणि रुंदीत दीड-दोन मिलिमीटर छाटावा लागतो. मी कागद कापायच्या कटरवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून माप कायमचं करून घेतलं. या फिल्मला दोन्ही बाजूंनी उजेड टिपणारा लेप असतो आणि तो ओला असताना नखाच्या स्पर्शानेही ओरखडतो. कापताना सुती हातमोजे घाला, धुताना एका वेळी एकच तुकडा घ्या आणि ट्रेच्या तळाला गुळगुळीत काच ठेवा.

मार्चमध्ये मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुने होल्डर घेतले, बावीसशेला एक असे पाच. एका होल्डरमध्ये दोन बाजूंना दोन फिल्म बसतात. घेताना अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरून बघा. खालच्या बिजागरीची कापडी पट्टी आणि झाकण सरकतं ती फट, प्रकाश शिरायच्या जागा याच दोन. झाकणाच्या पट्टीची एक कड पांढरी असते, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो झालेला. ही खूण पहिल्या दिवसापासून पाळायची. दुकानच्या फिल्मला कोपऱ्यात खाचा असतात. फिल्म उभी धरून खाचा वरच्या बाजूला उजव्या हाताशी आल्या की लेप आपल्या तोंडासमोर असतो. हे अंधारात बोटांनी ओळखायचं असतं. मी एक शीट खर्ची घातली आणि दिवसाउजेडी डोळे मिटून, टीव्ही बघता बघता, होल्डरमध्ये भरायचा सराव केला. ती शीट अजून सरावालाच आहे.

रसायनं घरीच बनवायची ठरवली, कारण तयार पुडी मिळेल तेव्हा मिळेल. डी-७६ हे जुनं, भरवशाचं डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. हे सगळं शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्यांकडे मिळतं. पन्नास अंशांच्या आसपासच्या पाऊण लिटर पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट आणि बाकीचं, शेवटी पाणी घालून लिटर पुरं करायचं. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही. उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरला हायपो. वजनाला सोनारांकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा चारशेला आला. हातमोजे घाला, मेटॉलने कित्येकांच्या हाताला खाज सुटते. ट्रे, बाटल्या, काटा, रसायनं मिळून साडेतीन हजार.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही, त्यात चांदी उतरलेली असते. पूर्वी स्टुडिओंकडून हायपोचं पाणी विकत नेणारे लोक येत. अजूनही जुने एक्स-रे घेणारे भंगारवाले असं पाणी नेतात. मी कॅनमध्ये साठवते आहे.

आता कॅमेरा. भारतात जुना मिळेना, मिळाला तर भाता फाटलेला. शेवटी इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इंट्रेपिडचा नवा घ्यायचं ठरवलं. बर्चच्या प्लायवुडचा, सव्वा किलोच्या आसपास, घडी होणारा. एप्रिलच्या सुरुवातीला मागवला. किंमत आणि पाठवणावळ मिळून एकोणचाळीस हजार चारशे. पार्सल भारतात आलं तशी कुरिअर कंपनीची मेल आली. आधार, पॅन, कंपनीला माझ्या वतीने कस्टमचं काम करायचा अधिकार देणारं सही केलेलं पत्र, खरेदीचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव अक्षर न् अक्षर एकच हवं. माझ्या एका कागदावर माहेरचं आडनाव होतं, त्यासाठी लग्नाचा दाखला जोडला. मग प्रश्न आला, वस्तू नेमकी काय? "कॅमेरा" एवढंच लिहिलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे डिजिटल येतो. मी चार ओळींत लिहून दिलं : लाकडी, फिल्मचा, आत कुठलीही बॅटरी किंवा विद्युत भाग नाही, नवा, वैयक्तिक वापरासाठी, लेन्सशिवाय. सोबत फोटो. दोन दिवसांत सुटका झाली.

शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि कंपनीचा हाताळणी खर्च मिळून सोळा हजारांच्या घरात गेले. दर मालाच्या वर्गीकरणावर ठरतो आणि बदलतही असतो, तेव्हा मागवण्याआधी चालू दर बघा. एक मात्र पक्कं. शुल्काची आकारणी वस्तूच्या किमतीवर थांबत नाही, पाठवणावळ आणि विमाही त्यात धरतात. त्यामुळे पाचशेची वस्तू तीन हजारांच्या कुरिअरने मागवण्यात अर्थ नाही. लागणारं सगळं एका पार्सलमध्ये आणा.

लेन्स जपानहून घेतली, जुनी फुजिनॉन, १५० मिलिमीटर, कोपल कंपनीच्या शून्य नंबरच्या शटरमध्ये बसवलेली. पस्तीस एमएमवर पन्नासची लेन्स जे काम करते ते इथे दीडशेची करते. कोपलने ही यांत्रिक शटर बनवायचं केव्हाच थांबवलं, म्हणून घेतानाच विचारून घ्या की एक सेकंद, अर्धा सेकंद हे सावकाश वेग नीट चालतात का. लेन्स टपालाने आली. पोस्टातून पत्र आलं, बिल आणि ओळखपत्र पाठवलं, आणि मे अखेरीस पोस्टमनदादांनी दारात शुल्क घेऊन पार्सल हातात दिलं. सगळी मिळून साडेअठ्ठावीस हजार.

लेन्स आली, पण ती बसवायची पट्टी नव्हती. इथे कोल्हापूर कामी आलं. उद्यमनगरात एका टर्नरकडे गेले. ९६ बाय ९९ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, मध्ये पस्तीसला किंचित कमी व्यासाचं भोक, कागदावर काढून दिलं. "ताई, पंपाचं काय हे?" कॅमेऱ्याचं म्हटल्यावर त्यांनी चहा सांगितला आणि बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता ते ऐकवलं. कोल्हापुरात कॅमेरा म्हटलं की हे ऐकावंच लागतं, आणि ऐकायला बरं वाटतं. पट्टी, तिला काळा मॅट रंग, मिळून सातशे. त्यांच्याकडूनच दुसरं काम करून घेतलं. मी तिपाई म्हणून सर्व्हेवाल्यांची जुनी लाकडी घोडी अडीच हजारांना घेतली होती. तिचा स्क्रू पाच अष्टमांश इंचाचा, कॅमेऱ्याचा आटा तीन अष्टमांश. मधला जोड चारशेत झाला. नव्या मजबूत ट्रायपॉडला याच्या चौपट पैसे गेले असते आणि वाऱ्यात तो इतका उभा राहिला नसता.

काचेवर फोकस बघायला भिंग लागतं. ते गुजरीत सोनारांच्या सामानात तीनशेला मिळालं. काळं कापड शिंप्याकडून दुहेरी शिवून घेतलं, आतून काळं, बाहेरून पांढरं. मे महिन्यात काळ्याच कापडाखाली उभं राहून बघा, म्हणजे पांढऱ्याचं महत्त्व कळेल.

जूनमध्ये पहिले फोटो. काचेवर चित्र उलटं दिसतं आणि डावं-उजवंही उलट. पहिल्या आठवड्यात डोकं गरगरतं. मग एक दिवस ते खटकेनासं होतं, आणि उलटं असल्यामुळेच चौकट नीट लागते आहे हे लक्षात येतं, कारण आपण झाड किंवा माणूस बघत नाही, नुसते आकार बघतो. क्रम मी लॅमिनेट करून घोडीला बांधला : शटर उघडं, फोकस, शटर बंद, लेन्सचं छिद्र आणि शटरचा वेग लाव, शटरचा चाप ओढ, होल्डर घाल, झाकण काढ, फोटो, झाकण काळी कड बाहेर ठेवून परत. दोन गोष्टींत गडबड होते असं सगळेच सांगतात. शटर बंद न करता झाकण काढणं, आणि झाकण काढताना होल्डरच जागेवरून सरकणं. एका हाताने होल्डर दाबून धरला की दुसरं टळतं.

एक्स-रे फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेड किती चटकन टिपते तो आयएसओचा आकडा, मी बाहेर उजेडात ऐंशी धरते. पिवळ्या बल्बखाली तो निम्म्यावर येतो, कारण त्या उजेडात लालच जास्त. जवळचा फोटो काढताना भाता लांबतो आणि उजेड कमी पडतो. भात्याची लांबी भागिले लेन्सचं माप, त्याचा वर्ग, तितक्या पट वेळ वाढवायचा. दीडशेच्या लेन्सला भाता तीनशेवर गेला तर चौपट.

सासूबाईंना खिडकीशी बसवून फोटो काढला. एक सेकंद. त्यांना म्हटलं, श्वास सोडून थांबा. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये त्यांचा चेहरा उमटताना बघितला. पस्तीस एमएमच्या बंद डब्यात हे कधी दिसलंच नव्हतं, त्या रात्री मला झोप लागली नाही. एक्स-रेच्या फिल्मवर काळ्या-पांढऱ्यातला फरक फार तीव्र येतो, म्हणून डेव्हलपर तिप्पट पाणी घालून पातळ केलं होतं. छापलेला फोटो सासूबाईंनी बराच वेळ बघितला. लाल न दिसणाऱ्या फिल्मवर कुंकू काळंभोर येतं आणि सुरकुती न् सुरकुती उठून दिसते. "मला एवढी म्हातारी का केलीस?" एवढं बोलून त्यांनी तो देवघराशेजारी लावला.

पाण्याचं सांगायलाच हवं. उन्हाळ्यात आमच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर जातं, त्यात लेप मऊ पडतो. मी मोठ्या परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवते आणि चोवीस अंशांवर काम करते. वीस अंशांचा हट्ट नको, वेळ कमी करायची. इल्फर्डच्या एफपी-४ या काळ्या-पांढऱ्या फिल्मला पातळ न केलेल्या डी-७६ मध्ये वीस अंशांना साडेआठ मिनिटं सांगितली आहेत, चोवीसला मी सहाच्या आसपास देते. शेवटचं खंगाळणं डिस्टिल्ड पाण्यात, नाहीतर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग सुकल्यावर दिसतात. पावसाळ्यात निगेटिव्ह सुकायला दिवस लागतो आणि रात्री झुरळं तो लेप आवडीने खातात. बाथरूममध्येच दोरी बांधून जाळीच्या पिशवीत टांगते. लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. भात्याला कोरड्या दिवशी ऊन नाही, नुसती हवा.

ऑगस्टपर्यंत हात बसला, तेव्हा खिद्रापूरचं ठरवलं. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटरवर कोपेश्वराचं बाराव्या शतकातलं मंदिर. त्याचा स्वर्गमंडप म्हणजे अठ्ठेचाळीस खांब आणि वर मधोमध आकाशाला उघडा गोल. संरक्षित स्मारक असल्याने हातात कॅमेरा धरून फोटो काढायला हरकत नसते, तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते. मी मंडळ कार्यालयाला मेलने अर्ज केला. उत्तरात साहित्याची यादी, ओळखपत्र, तारीख आणि वेळ, आणि फोटो विकणार का याचा खुलासा मागितला. यादीत "लाकडी कॅमेरा एक, तिपाई एक, काळे कापड एक" असं लिहिताना जरा गंमत वाटली. दिवे लावणार नाही, वास्तूला हात लावणार नाही, असं हमीपत्रही दिलं. पत्र हातात यायला ऑक्टोबर उजाडला. तारीख नोव्हेंबरची मागितली ते बरं झालं, पावसाळ्यात कृष्णेचं काही सांगता येत नाही.

पत्राची छापील प्रत न्या, मोबाइलमधली दाखवून भागत नाही. तिथल्या राखणदारांनी पत्र दोनदा वाचलं आणि घोडीच्या पायांकडे बोट दाखवलं. "मॅडम, ही लोखंडी टोकं फरशीवर?" ते बरोबरच होतं. त्यासाठी मी म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ती रबरी टोपणं औषधाच्या दुकानातून नेली होती. ती चढवली तशी त्यांची हरकत गेली आणि पुढे काळ्या कापडाखाली वाकून बघायला पहिले तेच आले.

सूर्य मंडपात शिरायच्या आत काम आटोपायचं होतं. उन्हाचा झोत आला की फोटोत गोल पांढराफटक जळून जातो आणि खांब काळोखात बुडतात. या दिवसासाठी एफपी-४ ची पंचवीस शीटांची पेटी घेतली होती, साडेसहा हजारांची. लेन्सचं छिद्र बत्तीसवर, म्हणजे बरंच लहान, उजेड मोजायचं मीटर म्हणालं आठ सेकंद. फिल्म मात्र लांब वेळेला मंदावते. इल्फर्डच्या सूत्राने आठचे चौदा होतात. फोमाला हेच फार जास्त लागतं, दहा सेकंदांचे तिच्या तक्त्यात ऐंशी होतात. देवळांच्या आत काम करायचं असेल तर म्हणून इल्फर्ड परवडते. लेन्स वर उचलली, खांब सरळ राहिले. चौदा सेकंद पाखरांचा आवाज, आणि मागे शाळेची सहल येऊन थबकलेली. बाईंनी सगळ्या मुलांना "थांबा रे, हलू नका" म्हणून उभं केलं होतं. खरं तर त्यांनी हलायला हरकत नव्हती, पण सांगायला तोंड उघडवेना.

निगेटिव्ह स्कॅन करायला महागडा स्कॅनर लागतोच असं नाही. टॅबलेटवर पांढरा पडदा, त्यावर बोटभर उंचीवर निगेटिव्ह, वरून साधा डिजिटल कॅमेरा. कागदावर हवा असेल तर फोटो पेपरवर निगेटिव्ह ठेवून वरून काच, क्षणभर बल्ब, मग पेपर फिल्मसारखाच धुवायचा, झाला चार बाय पाचचा छाप. फोटो मोठा करून छापायचं यंत्र, एन्लार्जर, नको.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी : सगळं मिळून एक लाख बारा हजारांच्या आसपास गेले, त्यातले चौऱ्याऐंशी कॅमेरा-लेन्सचे. पण जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत होल्डरसकट वीस हजारांच्या आत काम भागलं होतं, आणि हे आपल्याला जमेल की नाही याचा अंदाज तेवढ्यात येतो. अण्णांचा क्रम पाळला तर तिथे थांबून मोठा खर्च वाचवता येतो. होल्डर कोणीही परत घेतं.

पुढची फिल्म सांगली आणि पुण्याच्या दोघांबरोबर मिळून मागवली आहे, म्हणजे पाठवणावळ तिघांत वाटली जाते. पार्सल पुण्याला येईल आणि माझी पेटी एसटीने कोणीतरी आणेल. विमानाने येणारं कोणी असेल तर त्याला देऊ नका. नव्या सीटी पद्धतीच्या तपासणी यंत्रात फिल्म खराब होते, आणि पेटी उघडून दाखवा म्हटलं तर ती उजेडात उघडता येत नाही, हे रांगेत उभ्या माणसाने समजावत बसायचं कसं?